त्या १६६ तासांबद्दल

ताई,

(तुम्ही नाव लिहिलेलं नाही, 'एका मुलाची आई' एवढंच आहे, म्हणून ताई म्हणते.)

तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसले आणि सगळं खोडून टाकलं. त्यात मी नुसती स्वतःची बाजू सांभाळत होते. आज चार दिवसांनी पुन्हा लिहितेय.

इतरांसाठी थोडक्यात सांगते. मी दर शनिवारी दोन तास न्यूरोडायव्हर्जंट मुलामुलींबरोबर स्वयंसेवक म्हणून ॲनिमेशन करते. म्हणजे ज्यांचा मेंदू बहुतेकांपेक्षा वेगळ्या पद्धतीने चालतो अशी मुलं: कुणाला ऑटिझम आहे, कुणाला एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्थिर बसणं अवघड जातं), कुणाला डिस्लेक्सिया (वाचन-लेखन अवघड जातं). त्या अनुभवावर मी लिहिलं होतं. त्यावर ताईंनी लिहिलं की, तुम्ही आठवड्याचे दोन तास येता, उरलेले १६६ तास आम्ही असतो. तुमचं प्रशिक्षण नाही, मग तुम्ही तिथे नक्की करता काय? माझ्या मुलाच्या आयुष्यात असे हौशी पाच जण आले आणि गेले, आणि प्रत्येक वेळी तो महिनाभर दाराकडे बघत बसला. चित्रं काढून घेण्यापेक्षा त्याला एकट्याने बस पकडायला शिकवा. आणि शेवटी, 'या मुलांनी मलाच खूप शिकवलं' असं तुम्ही लिहिता, पण आमची मुलं तुम्हाला शिकवायला जन्माला आलेली नाहीत.

हे शेवटचं आधी घेते. तुमचं बरोबर आहे, आणि ते वाक्य मी लेखातून काढलंय. लिहिताना मला ते फार नम्र वाटलं होतं. परत वाचलं तेव्हा कळलं की त्यात मुलगा कुठेच नाही, मीच आहे, थोडी अजून चांगली झालेली मी.

प्रशिक्षणाबद्दल मात्र थोडी भांडते. मी थेरपी करत नाही आणि करतेय असा आवही आणत नाही. आर्ट थेरपिस्ट हा वेगळा व्यवसाय आहे, त्याचं रीतसर शिक्षण असतं. ब्रिटनसारख्या देशात तर नोंदणी असल्याशिवाय ते नाव लावणं कायद्यात बसत नाही. सुरू करण्याआधी आम्हाला जे शिकवलं ते साधं होतं आणि गरजेचंही: मुलाबरोबर बंद खोलीत एकटं बसायचं नाही, परस्पर मेसेज करायचे नाहीत, मेल्टडाउन म्हणजे सगळं असह्य होऊन मुलाचा ताबा सुटणं, हट्ट नव्हे, तेव्हा बोलणं कमी करायचं, दिवे कमी करायचे, बाहेर पडायची वाट मोकळी ठेवायची. एवढ्याने कुणी तज्ज्ञ होत नाही. पण मी तिथे ऑटिझमची तज्ज्ञ म्हणून बसतच नाही. मला फ्रेम लावता येते, उजेड सांभाळता येतो, म्हणून बसते. कमी पडले ते वेगळ्याच ठिकाणी, आणि ते मूळ लेखात मी शिताफीने टाळलं होतं. आता सांगते.

सतरा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आहे. फार कमी बोलतो, लागलं तर फोनवर टाइप करून दाखवतो. त्याला एका दप्तराच्या चेनची फिल्म करायची होती. चेन उघडते आणि बंद होते, बस. चाळीस सेकंद. स्टॉप मोशनमध्ये वस्तू केसभर हलवायची, फोटो काढायचा, परत हलवायची. सेकंदाला २४ फ्रेम लागतात, पण बहुतेक जण बारा फोटो काढून प्रत्येक दोनदा वापरतात. डोळ्याला चालतं, कष्ट निम्मे होतात. मी त्याला तेच सुचवलं. त्याने टाइप केलं, 'मग अर्धे दाते दिसणार नाहीत.' म्हणजे ४८० ऐवजी ९६० फोटो.

मराठीत ऑटिझमला आपण स्वमग्नता म्हणतो. त्याच्याशेजारी बसल्यावर मला तो शब्द कायम खटकतो. तो स्वतःत मग्न नसतो हो, चेनमध्ये असतो. ऑटिझमच्या अभ्यासक डायना मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये याच अंगाने मोनोट्रॉपिझमची मांडणी केली: लक्ष चार ठिकाणी पातळ पसरत नाही, एकाच ठिकाणी सगळं ओतलं जातं. त्यामुळे तिथून अचानक ओढून काढलं की दुखतं.

सात शनिवारांत २११ फोटो झाले. पडदे ओढलेले, फोटोचा उजेड कमीजास्त होऊ नये म्हणून एक्स्पोजर लॉक केलेलं, फोन ट्रायपॉडला घट्ट. सातव्या शनिवारी तो हात धुवायला गेला. दप्तर जरा कललंय असं मला वाटलं. मी ते दोन बोटांनी सरळ केलं. दोन बोटांनीच. तो आला, पुढचे वीसेक फोटो काढले आणि सगळं चालवून बघितलं. २१२ व्या फ्रेमला चेन किंचित उडी मारते. मला दोनदा बघूनही दिसली नाही. त्याला पहिल्यांदाच दिसली. त्याने फोन पालथा ठेवला.

पुढचे तीन शनिवार तो आला, खुर्चीत बसला आणि कशालाही हात लावला नाही. मी विचारलं, रागावलास का? उत्तर नाही. मी मनात ठरवून टाकलं की हा रुसलाय. मग काय, नवे कागद आणले, माती आणली, दुसरी कल्पना पुढे केली, गोड बोलले. आता आठवलं की लाज वाटते.

चौथ्या शनिवारी त्याने टाइप केलं, 'त्यात खोटं आहे.' थोड्या वेळाने, 'चेन स्वतःहून सरळ होत नाही.'

तो माझ्यावर रुसलेलाच नव्हता. फिल्ममध्ये एक खोटी फ्रेम शिरली होती आणि तिचं काय करायचं याचा विचार तो तीन आठवडे करत होता. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश अभ्यासक. त्यांनी २०१२ मध्ये 'दुहेरी समानुभूतीचा प्रश्न' मांडला. ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही असं सगळे म्हणतात, पण दुसऱ्याला तरी त्याचं कुठे कळतं? दरी दोघांच्या मधे असते, एकाच्या डोक्यात नसते. हे मी प्रशिक्षणात ऐकलं होतं, वहीत लिहूनही घेतलं होतं. समोर आलं तेव्हा ओळखलं नाही.

आणि तुमचे १६६ तास इथेच येतात. नंतर त्याची आई सहज म्हणाली की त्या दिवसापासून तो घरातल्या प्रत्येक पिशवीची, जॅकेटची चेन उघडून, कलते का ते बघत होता. तिला पहिल्याच रात्री कळलं होतं. मी तीन आठवड्यांत तिला एकदाही विचारलं नव्हतं.

त्याने सगळे फोटो पुसले आणि पहिल्या फ्रेमपासून सुरुवात केली. त्याआधी मास्किंग टेप घेऊन टेबलावर एक सरळ पट्टी मारली. पट्टीच्या अलीकडे माझं पाणी, माझी वही, माझे हात. पलीकडचं सगळं त्याचं. पट्टी अजून आहे, मळली की तो नवी लावतो.

म्हणून 'तुम्ही तिथे नक्की करता काय' या तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर जरा ओशाळवाणं आहे: बराचसा वेळ मी हात आवरते. बल्बचा उजेड हलला तर सांगते, फोनची बॅटरी बघते, आधीची फ्रेम पुसट दाखवणारी सोय कशी लावायची ते एकदा दाखवलं. उरलेला वेळ पट्टीच्या अलीकडे.

बसचा टोमणा कळला. बस एकट्याने पकडता येणं ही मोठीच गोष्ट आहे, त्यात दुमत नाही. पण बाकीच्या मुलांना आपण आधी बस, मग गाणं असं रांगेत उभं करत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातलं तिसावं कलम सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने भाग घ्यायचा हक्क मान्य करतं, आणि सर्जनशील क्षमता फुलवण्याची संधी केवळ त्या व्यक्तीच्या भल्यासाठी नव्हे तर समाज समृद्ध व्हावा म्हणूनही द्यायची, असंही म्हणतं. म्हणजे बस की फिल्म हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. दोन्ही.

अमेरिकन शिल्पकार जुडिथ स्कॉटचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म १९४३, डाउन सिंड्रोम, त्यात बहिरेपण, जे कित्येक वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही. शिकवण्यालायक नाही असा शिक्का बसला आणि ती सुमारे पस्तीस वर्षं संस्थांमध्ये राहिली. जुळ्या बहिणीने तिला बाहेर काढलं आणि १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या क्रिएटिव्ह ग्रोथ या अपंग कलाकारांच्या स्टुडिओत नेलं. पुढे तिने दोऱ्यांनी गुंडाळलेली जी शिल्पं केली ती मोठमोठ्या संग्रहालयांत गेली. ही गोष्ट नेहमी 'दडलेली प्रतिभा' म्हणून सांगतात, आणि मला ती तशी सांगायला आवडत नाही. बहुतेक मुलं संग्रहालयात जाणार नाहीत, जायची गरजही नाही. मला त्यातली सुरुवातीची जवळजवळ दोन वर्षं महत्त्वाची वाटतात. तेव्हा तिने तिथे फारसं काही केलं नव्हतं, आणि तरी तिची जागा तिच्यासाठी राहिली. मी तीन शनिवारांत घाबरून माती घेऊन धावले होते.

आता ते पाच जण. यावर मला बचाव नाही. याआधी दुसऱ्या ठिकाणी मी स्वतः अशीच गेले होते. नोकरी बदलली, गटावर एक मेसेज टाकला, संपलं. तिथली एक मुलगी किती दिवस दाराकडे बघत होती, मला माहीत नाही. तुमच्या प्रतिक्रियेपर्यंत मी तसा विचारही केला नव्हता.

इथे पहिल्याच दिवशी शेवटची तारीख सांगायची पद्धत आहे. भिंतीवर शनिवारांचा तक्ता असतो, प्रत्येक शनिवार खोडला जातो. शेवटचे काही आठवडे नवा माणूस शेजारी येऊन बसतो, तेव्हा जुना अजून गेलेला नसतो. याने दुखत नाही असं मी म्हणणार नाही. निदान दार अचानक रिकामं होत नाही.

हे उत्तर टाकण्याआधी मी त्याला आणि त्याच्या आईला वाचून दाखवलं. चेनबद्दल लिहायला त्याची हरकत नाही. एक वाक्य त्याने काढायला लावलं. कुठलं ते अर्थातच सांगत नाही.

माझे अकरा शनिवार उरलेत. फिल्म ६०४ व्या फ्रेमवर आहे, म्हणजे ३५६ बाकी. दर शनिवारी तेहतीस काढल्या तर मी असतानाच संपेल. हा हिशेब त्याचा आहे, तक्त्याखाली त्यानेच लिहून ठेवलाय. माझ्या जागी येणारी नवी मुलगी सहाव्या शनिवारपासून येणार आहे. तिच्यासाठी त्याने पट्टीच्या अलीकडे दुसरी खुर्ची लावून ठेवली आहे, माझ्या खुर्चीपेक्षा वीतभर मागे.