तेरला काय आहे?

सकाळी चहा घेताना फेसबुक उघडलं तेच चुकलं. शाळेतला एक मित्र सध्या युरोप टूरवर आहे (टॅग करत नाहीये, वाचेल तेव्हा त्याला कळेलच). त्याने इटलीतल्या नेपल्सच्या म्युझियममधला फोटो टाकलाय. ती पाँपेईत सापडलेली हस्तिदंताची बाई, अंगभर दागिने, पायात कड्यांची चळत, शेजारी दोन छोट्या दासी. वर कॅप्शन, "रोमनांच्या घरात आपली लक्ष्मी! अभिमानाने ऊर भरून आला! काय होती आपली संस्कृती!!" दोनशे लाइक. मी पण केलं लाइक, खोटं कशाला बोलू. आणि खाली प्रेमाने लिहिलं की मस्तच रे, हिची बहीण आपल्या तेरला आहे, पाहिलीस का कधी?

पाच मिनिटांत रिप्लाय. "तेरला? गोरोबाकाकांच्या? तेरला काय आहे?"

आणि खाली हसणारे चार इमोजी. आमच्याच वर्गातले, चौघंही धाराशिवचे. धाराशिवहून तेर मोटरसायकलवर अर्धा-पाऊण तास. हा माणूस नेपल्सला जाऊन अभिमानाने ऊर भरून घेतोय आणि विचारतोय तेरला काय आहे.

तर आता बस आणि ऐक, नाहीतरी तुझ्या टूरच्या बसमध्ये तुला वेळच वेळ असणार.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत माहेरी गेले होते, तेव्हा दादांना (माझ्या वडिलांना) घेऊन तेरला गेलो. दादांनी आयुष्यभर कापड दुकानात नोकरी केली. मालक नव्हते, गादीवर बसून तागे उलगडणारे, लोखंडी गजपट्टीने मापून टर्रकन फाडून देणारे. तेरला ते शंभर वेळा गेले असतील, गोरोबाकाकांच्या दर्शनाला, चैत्रातल्या यात्रेला, पण म्युझियममध्ये कधीच नाही. "जुनी खापरं काय बघायची" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या दिवशी पोरगा हट्टाला पेटला म्हणून आत गेलो, एवढंच. माझा संस्कृतिप्रेमाचा झटका वगैरे काही नव्हता.

आत त्या हस्तिदंती बाईसमोर दादा थांबले ते थांबलेच. मग त्यांनी काय करावं, तर काचेवर अंगठा टेकवला, करंगळी ताणली, आणि वीत मोजली. सवय! दुकान सुटलं पण हात तसाच. म्हणाले, "वीतभर पण भरत नाही गं. आणि काम बघ." तिथे ड्युटीवर असलेले गृहस्थ बघत होते, मला वाटलं आता काचेला हात लावला म्हणून ओरडतील, तर ते जवळ आले आणि म्हणाले, काका, अशीच एक इटलीत सापडलीय, 1938 साली, ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या गावात. दादा म्हणाले, "इथली तिकडं कशी गेली?" आणि त्या माणसाने आपलं काम सोडून पुढचा अर्धा तास आम्हाला जे सांगितलं ते शाळेत दहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे बघा, तेर हे जुनं तगर. पहिल्या शतकात कुणा ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेलं पेरिप्लस म्हणून एक माहितीपुस्तक आहे, कुठल्या बंदरात काय मिळतं, काय विकलं जातं असं सगळं. त्यात लिहिलंय की भडोचहून (गुजरातचं जुनं बंदर) दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर. पैठणहून अकीक (दागिन्यांत वापरतात तो दगड) जातो आणि तगरहून कापड. साधं कापड भरपूर, शिवाय तऱ्हेतऱ्हेची मलमल, सगळं गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला. (दोन हजार वर्षांपूर्वी एका परदेशी माणसाने आपल्याकडच्या रस्त्यांची तक्रार लिहून ठेवलीय, हे मला फार आवडतं.) तिथून जहाजात, आणि जहाजातून थेट रोमन लोकांच्या अंगावर.

कापड म्हटल्यावर दादांचा चेहराच बदलला. "साधं कापड म्हणजे मांजरपाट गेला म्हण की." मग थोडा विचार करून त्या गृहस्थांना एकदम सिरियसली विचारलं, "उधारीवर जायचं का रोख?"

ते गृहस्थ इतके हसले की बाहेरून कुणीतरी डोकावून गेलं. पण मला सांगा, याच्याइतका चांगला प्रश्न कुठल्या इतिहासाच्या पेपरात विचारला गेलाय? आमच्या वेळी प्रश्न असायचा "सातवाहन काळातील व्यापाराची माहिती लिहा (5 गुण)" आणि आम्ही चार ओळी पाठ करून लिहायचो, त्यात तेरचं नाव आलं तरी ते हेच तेर, जिथे आपण यात्रेत रेवड्या खातो, हे डोक्यात शिरायचंच नाही. शाळेची सहल कुठे गेली? वॉटर पार्कला. अर्ध्या तासावरचं गाव सोडून पाच तास लांबच्या वॉटर पार्कला, आणि येताना तीन पोरं बसमध्ये ओकली.

आता खरा संताप कशाचा सांगते. अभिमान बाळगायला आपण पहिल्या नंबरवर. डीपीला किल्ला, स्टेटसला किल्ला, गाडीच्या काचेवर किल्ला. इतिहासावरून कमेंटमध्ये भांडायला रात्री दोनपर्यंत जागे. पण बघायला जायचं म्हटलं की तेरला काय आहे, पैठणला काय आहे, भोकरदनला काय आहे. भोकरदनलाही तशीच हस्तिदंती मूर्ती मिळालीय, आणि पाँपेईची बाईसुद्धा मुळात आपल्या याच पट्ट्यातली असावी असं अभ्यासकांनी मांडलंय. लक्ष्मी आहे की यक्षी यावरही वाद आहेत, पण ते सोडा. महाराष्ट्राचा इतिहास 1630 ला सुरू झाला असं आपण धरूनच चाललोय. महाराजांचा अपमान नाही हा, उगं कुणी अंगावर येऊ नका, मी पण रायगडावर रडलेली बाई आहे. पण त्याच्या आधी दीड हजार वर्षं इथली माणसं काय नुसती पाऊस बघत बसली होती का?

कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःच्या बिरुदात "तगरपुरवराधीश्वर" असं लावायचे. म्हणजे राज्य कुठे, आणि मिरवायचे कशाने, तर आम्ही मूळचे तगरचे! राजांना मिरवावंसं वाटलं ते गाव, आणि आमचा हा गडी विचारतो काय आहे तिथे.

आणि हे फक्त तेरचं नाही. कोल्हापूरला टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये ब्राँझचा पोसायडन आहे, ग्रीकांचा समुद्रदेव, तिथल्याच ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेला, जिथून समुद्र कुठल्या कुठे. कोल्हापूरला आपण सगळेच जातो. अंबाबाई, मिसळ, चपला, परत. सातारा जिल्ह्यातल्या औंधला यमाईच्या डोंगरावर तिथल्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी जमवलेला एवढा खजिना, रविवर्म्याची चित्रं, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं शिल्प, ज्याचं काम बघायला लोक इंग्लंडमध्ये तिकीट काढतात. धुळ्याला इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ. जाऊ दे, यादी केली की लोक स्क्रोल करून पुढे जातात.

बरं, मान्य. मलाही माहितीय की सगळीकडे असे समजावून सांगणारे गृहस्थ भेटत नाहीत. एका तालुक्याच्या गावी (नाव घेत नाही) भर उन्हात गेलो तर दाराला कुलूप, चावी ज्यांच्याकडे ते लग्नाला गेलेले, आणि शेजारच्या टपरीवाल्याने सांगितलं की "परवा या, नाहीतर तेरवा." दुसऱ्या एका ठिकाणी ओळीने अकरा मूर्त्यांखाली एकच पाटी, "मृण्मय मूर्ती", बास. ही पहिली कुठली, दुसरी कुठली, कुणी केली, कशाला केली, काही नाही, तुमचं तुम्ही बघा. बायकांसाठी टॉयलेट हा विषय तर काढायलाच नको. नेपल्सला हे सगळं नीट असणार, असणारच. पण तिथे लोक जातात म्हणून नीट असतं की नीट असतं म्हणून लोक जातात, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आणि अजून एक कबूल करते, हे लिहिताना मगाचपासून टोचतंय. मी स्वतः बारावीपर्यंत त्याच जिल्ह्यात राहिले आणि पहिल्यांदा आत गेले ती चाळिशी ओलांडल्यावर, ते पण पोराच्या हट्टापायी. त्यामुळे जास्त बोलायचा मला अधिकार नाही. पण बोलणार. फेसबुक आहे हे.

तेरचं म्युझियम मुळात उभं कसं राहिलं ते पण ऐका. गावाभोवती पांढरीची (जुन्या वस्तीच्या मातीची) टेकाडं. पाऊस पडून गेला की मातीतून मणी वर येतात, खापरं येतात, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, नाणी. सगळ्या गावाला ते दिसत होतं. रामलिंगप्पा लामतुरे हा एक माणूस ते वेचत राहिला, जमवत राहिला, वर्षानुवर्षं. पुराणवस्तू खात्याचा साहेब नाही, प्रोफेसर नाही, गावातलाच माणूस. लोकांनी काय काय म्हटलं असेल मी कल्पना करू शकते, कारण "जुनी खापरं काय बघायची" म्हणणारे वडील माझ्याच घरात आहेत. पुढे तो सगळा संग्रह सरकारकडे आला आणि म्युझियमला त्यांचंच नाव आहे. त्याच्या कितीतरी आधी, 1901 मध्ये, फ्लीट नावाच्या इंग्रजाने तगर म्हणजे हेच तेर असं मांडून दाखवलं होतं, तोपर्यंत विद्वान लोक तगर भलतीकडेच शोधत होते. म्हणजे गाव ओळखलं इंग्रजाने, पण वेचलं गावच्या माणसाने. एकेक मणी. वाकून.

माझी सगळ्यात आवडती वस्तू सांगू? ती बाई नाही. मातीची छोटी पदकं आहेत, गळ्यात घालायची, त्यावर रोमन नाण्याची नक्कल. खरं सोन्याचं नाणं परवडायचं नाही, म्हणून मातीत तसाच ठसा उमटवायचा, वर दोरा ओवायला भोक, आणि घालायचं गळ्यात. दोन हजार वर्षांपूर्वीचं वन ग्रॅम गोल्ड! कुणीतरी बाई ते घालून लग्नाला गेली असेल आणि कुणीतरी तिला विचारलं असेल, खरंय का गं? मी त्या काचेसमोर उभी राहून एकटीच हसत होते, नवरा म्हणाला काय झालं, म्हटलं काही नाही, तुला नाही कळायचं.

तिथून मग त्रिविक्रमाच्या देवळात गेलो. विटांचं आहे, मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल. मूळचा बौद्ध चैत्य असावा म्हणतात, आज आत त्रिविक्रम उभा आहे. दादा बाहेर पारावर टेकले, गुडघे बोलत होते त्यांचे. मी प्रदक्षिणा घालून आले तर ते पोराला सांगत होते की इथून रोमला मांजरपाट जायचा, आणि "रोखीत, बरं का, परदेशी पार्टीला उधारी नाही." हे त्यांना कुणी सांगितलं? कुणीच नाही. त्यांच्या दुकानाचा नियम त्यांनी सातवाहनांना लावून टाकला होता.

मला तेव्हा हसू आलं होतं. आता लिहिताना थोडं वेगळंच वाटतंय. पंचेचाळीस वर्षं माणसाने दुसऱ्याच्या गादीवर बसून कापड मोजलं, कधी कुणी म्हटलं नाही की तुमच्या कामाला केवढा जुना वारसा आहे. रिटायर झाले तेव्हा मालकाने शाल-नारळ दिला, शाल दुकानातलीच. आणि एका दुपारी एका काचेच्या कपाटापुढे उभं राहून त्यांना कळलं की आपला धंदा सातवाहनांइतका जुना आहे. त्यानंतर घरी कुणी आलं की ते हे सांगतात. भाऊ म्हणतो दादा, झालं सांगून. ते पुन्हा सांगतात.

मित्राचा राग आता ओसरलाय जरासा. बिचारा पैसे साठवून गेलाय, बायकोला पहिल्यांदा विमानात बसवलंय, फोटो टाकणारच. आणि गोरोबाकाकांच्याच गावची गोष्ट आहे ना, कुंभाराचं थापटणं घेऊन एकेका संताच्या डोक्यावर मारून कोण कच्चं कोण पक्कं बघायची. माझ्या डोक्यावर मारलं असतं तर काय आवाज आला असता कुणास ठाऊक. हे टाइप करेपर्यंत त्याचा रिप्लायही आलाय, "आलो की जाऊया सगळे, ग्रुप ट्रिप!!" खाली सहा अंगठे. या ग्रुपचं गोवा नऊ वर्षं झालं ठरतंय, त्यामुळे बघू.

मगाशी त्याचा तो नेपल्सचा फोटो दादांना व्हॉट्सअॅपवर पाठवला. लगेच फोन आला. काय करलालीस, जेवलीस का, हे झाल्यावर म्हणाले, "ही किती उंच आहे गं?"

शोधून सांगितलं, साधारण पंचवीस सेंटिमीटर.

पलीकडे जरा वेळ शांतता. मोजत असणार हातावर.

"म्हणजे वीत आणि वर दोन बोटं. आपली लहान आहे की हिच्याहून. मग ही थोरली. थोरली लांब दिली म्हणायची, धाकटी गावातच राहिली."