'स' म्हणजे दर वेळी 'स्वतःला' नव्हे

नमस्कार.

फ्रेंचच्या आत्मवाचक क्रियापदांवरच्या (ज्यांच्या आधी 'स' हा छोटा शब्द लागतो) माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. ही क्रियापदं मी उगाच अवघड करून सांगते; 'स' म्हणजे 'स्वतःला' एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं, हा पहिला. 'तिने हात धुतले' या वाक्याच्या फ्रेंच रूपात मी 'लाव्हे'च्या (धुतलं) शेवटी स्त्रीलिंगाचं 'ई' (e) हे अक्षर जादा लिहिलं, हा दुसरा.

दुसरा आक्षेप बरोबर आहे, लेखात दुरुस्ती केली. 'एल से लाव्हे' म्हणजे तिने अंघोळ केली. तिथे 'से'मधला 'स' हेच कर्म, तेही क्रियापदाच्या आधी, म्हणून 'ई' हवा. 'एल से लाव्हे ले मँ' यात धुतले ते हात. हे कर्म क्रियापदानंतर येतं, म्हणून 'ई' नको. उच्चार दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे चूक फक्त लिहितानाच उघडी पडते. 'तिने हात धुतले' म्हणताना आपलंही क्रियापद तिच्याकडे पाहत नाही, हातांकडे पाहतं. हे माझ्या लक्षात राहायला हवं होतं.

पहिला आक्षेप मात्र मला मान्य नाही. 'स्वतःला' हा अर्थ धुणे, आरशात पाहणे अशा थोड्या क्रियापदांना चालतो. 'स कुशे'ला तो लावून पाहा: 'स्वतःला झोपवणे'. असं कोण म्हणतं? आपण झोपतो. आपल्याकडे मूळ धातू झोप, ऊठ, बस, थांब. दुसऱ्याकडून करवायचं तर 'व' जोडून झोपवणे, उठवणे, बसवणे, थांबवणे. फ्रेंचचा प्रवास नेमका उलट्या दिशेने होतो. तिथे 'कुशे' म्हणजेच झोपवणे, 'आरेते' म्हणजे थांबवणे, आणि 'स' लावला की झोपणे, थांबणे. म्हणून 'म' ('मी'सोबत येणारं 'स'चं रूप) गाळून नुसतं 'ज कूश' म्हटलं, की समोरच्याला प्रश्न पडतो: कुणाला झोपवताय? वर्गात ही एक गोष्ट नीट कळली की 'स'ची म, त, स, नू, व्हू ही रूपं पाठ करण्याचा निम्मा त्रास वाचतो, हा माझा अनुभव आहे.

काही ठिकाणी तर 'स'ने अर्थच फिरतो. 'ज दूत' म्हणजे मला शंका आहे. 'ज माँ दूत' म्हणजे मला वाटलंच होतं! इथे 'स्वतःला' कुठे बसवणार?

'ज म सुव्हियँ' हे तुमचंच उदाहरण. कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांताच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 1978 पासून हे वाक्य आहे. 'मी स्वतःला आठवतो' हा त्याचा अर्थ विचित्र वाटतो, असं तुम्हीच लिहिलंय. तो विचित्रपणा त्या एका ओळीच्या नियमातूनच येतो. हे क्रियापद लॅटिनमधल्या 'खालून वर येणे' या अर्थाच्या शब्दापासून आलं. जुन्या फ्रेंचमध्ये 'इल म सुव्हियँ' म्हणत, म्हणजे आठवण वर येते ती माझ्याकडे. आपण मराठीत आजही तसंच म्हणतो: मला आठवतं.