‘फळ्यापुढे उभे राहा, मग लिहा’ म्हणणाऱ्या सरांना

सर (निवृत्त शिक्षक म्हणवता, म्हणून सर), इंग्रजीतला ‘पास्ट टेन्स’ दरवेळी भूतकाळच सांगतो असं नाही, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा तो योग्य आहे का ते बघितलं. आहे.

आधी माझी चूक. ‘पुट, कट, हिट’ या भूतकाळात न बदलणाऱ्या क्रियापदांच्या पंगतीत मी ‘रीड’ला बसवलं होतं. स्पेलिंग तेच राहिलं तरी भूतकाळात उच्चार ‘रेड’ होतो. दुरुस्त केलंय, आभार.

आता तुमचं ते वाक्य: ‘पास्ट टेन्स म्हणजे भूतकाळ, एवढं पोरांना पुरे, बाकीचे चोचले फळ्यापुढे कधी उभं न राहिलेल्यांचे.’ मुद्दा पटला नाही तर तसं म्हणा की! माझ्या फळ्यापर्यंत कशाला जायचं? घराच्या पडवीत मी अकरा वर्षं शिकवण्या घेतल्या. रंग उडालेला फळा, पावसाळ्यात सर्दावलेला खडू, सतरंजीवर नववी-दहावीची पोरं. ‘गो-वेंट-गॉन’ मीही घोकून घेतलंय आणि ‘डिड नॉट वेंट’खाली लाल रेघाही मारल्यात.

तिथेच एकदा ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ बायसिकल’ लिहिलं. मागून एकजण म्हणाला, ‘पैसे होते, मग घेतली का नाही सर?’ त्याचं काय चुकलं? ‘हॅड’ म्हणजे ‘होतं’, हे मीच घोकवलेलं. इथे पैसे आत्ता खिशात नाहीत. ‘हॅड’ काल-परवाचं काही सांगतच नाही, प्रत्यक्षापासून लांब असलेलं सांगतं. ‘इट्स टाइम वी लेफ्ट’ म्हणणारा पाहुणाही अजून खुर्चीतच असतो. आणि हे मराठी पोरांच्या डोक्यावरून जाईल म्हणता? हॉटेलातला पोऱ्या ‘आलो, आलो’ ओरडतो तेव्हा तो कुठे आलेला असतो? ‘उद्या पाऊस आला तर’ यातला ‘आला’ कुठल्या भूतकाळातला?

पाचवीला हे शिकवा, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेख शेवटपर्यंत वाचण्याची तसदी घेतली असतीत तर... जाऊ द्या. परीक्षेतले गुण, पेपर तपासणाऱ्यांची अडचण, माझं ‘इंग्रजाळलेलं’ मराठी, यावर पुन्हा कधीतरी. बहुधा नाहीच.

फक्त एक. प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘आय जस्ट वॉन्टेड टू टेल यू धिस.’ हे ‘वॉन्टेड’ कधीचं, सर? काल सांगायचं होतं, आज नाही?