आत कोण कोण आहे?

संगणक म्हणाला, अद्ययावत होण्यासाठी मला बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचंय. त्याला व्हायचं होतं, मला नव्हतं. कोपऱ्यातल्या काळ्या खिडकीत पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा इंटरप्रिटर, म्हणजे लिहिलेली ओळ तिथल्या तिथे चालवून दाखवणारा प्रोग्रॅम, तीन दिवस चालू होता आणि त्या तीन दिवसांचं माझं सगळं काम त्या खिडकीतच होतं. फाइलमध्ये एक अक्षर नाही, म्हणजे खिडकी मिटली की सगळं गेलं.

सुरुवात नेहमीसारखीच झाली. वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या मर्जीने लिहिलेल्या तारखा एका साच्यात बसवायच्या होत्या. ‘जरा दोन ओळी टाकून बघू’ म्हणून बसलो. इंटरप्रिटरचं हेच वाईट आहे, बोललं की करतो. फाइल उघडा, नाव द्या, सेव्ह करा, असली कटकट नाही. सगळा तोंडी व्यवहार. दोन ओळींच्या वीस झाल्या, वीस ओळींचं एक फंक्शन, म्हणजे नावाने हाक मारून चालवता येणारं गाठोडं, झालं, त्याचं नाव ‘तारीख_सुधार’ ठेवलं, आणि ते चक्क चाललं. चालणाऱ्या गोष्टीला हात लावू नये या तत्त्वावर माझी इतकी श्रद्धा, की मी ते सेव्हसुद्धा केलं नाही.

आता निघायच्या वेळी आत काय काय आहे, याची यादी करणं भाग होतं. त्यासाठी ‘डिर()’ आहे. कंसात काहीही न लिहिता एंटर मारलं की आतली सगळी नावं समोर येतात. आधी सहा-सात डंडर मंडळी आली. डंडर म्हणजे ज्यांच्या मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर असतात ते. हे आपण बोलावलेले नसतात, खिडकी उघडायच्या आधीपासून येऊन बसलेले असतात. त्यांच्या मागून माझी प्रजा: ‘अ’, ‘अअ’, ‘बघू’, ‘बघू२’, ‘चालतंय’, ‘नको’, ‘हेच’. ही नावं मी ठेवली तेव्हा त्यांना काहीतरी अर्थ होता. ‘नको’मध्ये काय असावं म्हणून डोकावलो, तर मूळ सगळ्या तारखा तिथेच. ‘हेच’ रिकामं.

‘डिर’ नुसती नावं सांगतो. कोण आकडा, कोण मजकूर, कोण फंक्शन, हे ‘टाइप()’ला एकेकाबद्दल वेगळं विचारावं लागतं. साठ नावांना साठ वेळा कोण विचारणार? मी हुशारी केली. ‘ग्लोबल्स()’ ही आतल्या सगळ्या नावांची खरीखुरी वही, डिक्शनरी. तिच्यावर एक फॉर लूप लावला: ‘नाव’ या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या डब्यात, एकेक नाव घे आणि त्याचा प्रकार छाप. पहिलं नाव छापलं गेलं आणि लगेच लाल अक्षरांत नसली तरी लाल वाटणारी एरर आली: डिक्शनरी चेंज्ड साइझ ड्युरिंग इटरेशन. म्हणजे मोजता मोजता वही वाढली. कोणी वाढवली? मीच. लूपसाठी जे ‘नाव’ घेतलं, तेही व्हेरिएबलच. त्याचीही नोंद त्याच वहीत झाली. शिरगणती करायला गेलेल्या माणसानेच वस्तीत खोली घेतली, आणि आधीची मोजणी रद्द झाली.

चिडून आधीची ओळ परत आणणारा वरचा बाण दाबला आणि तोच लूप, एक अक्षर न बदलता, पुन्हा चालवला. या वेळी सुरळीत. अर्थात. ‘नाव’ आता आधीपासून वहीत होतंच, नवं कोणी आलं नाही. पहिल्यांदा भांडायचं आणि दुसऱ्यांदा मुकाट्याने ऐकायचं, हा स्वभाव मी माणसांत पाहिला होता, यंत्रात पहिल्यांदाच पाहिला. यादीच्या अगदी शेवटी ती व्यक्तीही छापून आली: ‘नाव’, प्रकार मजकूर. त्या क्षणी तिच्यात काय होतं म्हणाल, तर ‘नाव’.

या यादीत एक घुसखोर सापडला. ‘लिस्ट’. पायथनची घरची फंक्शनं, ‘प्रिंट’, ‘लेन’, ‘लिस्ट’ वगैरे, ‘डिर()’च्या यादीत येत नाहीत. ती ‘बिल्टिन्स’ नावाच्या वेगळ्या घरात राहतात. त्यांच्यातलं एखादं इथे दिसलं, तर ते आपण केलेलं पाप असतं. आदल्या दिवशी दुपारी केव्हातरी मी घाईत ‘लिस्ट’ नावाचं व्हेरिएबल करून त्यात चार तारखा भरल्या होत्या. त्यानंतर ‘लिस्ट’ला कामाला बोलावलं की उत्तर यायचं: लिस्ट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल. दोन तास मी याला पायथनची चूक समजत होतो. ‘डेल लिस्ट’ लिहिलं, माझा तोतया गेला आणि मागे उभा असलेला खरा लिस्ट काही घडलंच नाही अशा थाटात कामाला लागला. या भाषेचं मन मोठं आहे. माझं नाही, मी त्या दोन तासांचा राग अजून धरून आहे.

पण मुख्य प्रश्न ‘तारीख_सुधार’चा होता. नुसतं नाव लिहून एंटर मारलं, तर इंटरप्रिटरने सांगितलं की हे एक फंक्शन आहे आणि ते अमुक पत्त्यावर राहतं. पत्ता म्हणजे मेमरीतला, शून्य-एक्सने सुरू होणारा, टपाल न पोचणारा. ‘हेल्प()’ला विचारलं, तर त्याने कंसात काय काय द्यायचं एवढंच सांगितलं, कारण बाकीची माहिती मी लिहायची होती आणि मी ती लिहिली नव्हती. मग ‘इन्स्पेक्ट’ नावाचं मॉड्यूल मागवून त्यातलं मूळ मजकूर दाखवणारं ‘गेटसोर्स’ चालवलं. माझ्याकडची पायथनची आवृत्ती जुनी. ती म्हणाली, कुड नॉट गेट सोर्स कोड. बरोबरच होतं तिचं. ती मूळ मजकूर फाइलमधून वाचते आणि फाइल कुठे होती? शेवटी ‘डिस’ लावून फंक्शनचा बाइटकोड, म्हणजे पायथन आतून चालवतो त्या सूचना, काढला. ‘लोड फास्ट’, ‘लोड ग्लोबल’ अशा ओळींमागून ओळी आल्या. पदार्थाची कृती मागावी आणि पोटाचा एक्स-रे मिळावा तसं वाटलं.

शेजारचा सहकारी म्हणाला, “बॅशमध्ये हे असलं नसतं. ‘डिक्लेअर -एफ’ मार, अख्खं फंक्शन जसंच्या तसं छापून देतं.” बॅश म्हणजे थेट संगणकाला हुकूम द्यायची खिडकी. पण जसंच्या तसं नाही देत. ओळी स्वतःच्या पद्धतीने मांडतं आणि कॉमेंट गिळून टाकतं. शिवाय बॅशच्या खिडकीत उत्सुकता म्हणून मी नुसतं ‘सेट’ मारलं, तर व्हेरिएबलांमागून मी जन्मात न लिहिलेली फंक्शनं शेकड्याने धावत गेली. टॅब दाबल्यावर शब्द पुरा करून देणारी ती मंडळी होती म्हणे. मी नुसतं ‘कोण आहे’ विचारलं होतं, सगळं गाव दारात आलं. आणि माझं फंक्शन तर पायथनमध्येच होतं.

राहिला वरचा बाण. या आवृत्तीत तो एका वेळी एकच ओळ मागे नेतो. फंक्शन लिहून झाल्यावर मी दोनशेएक उचापती केल्या होत्या. त्या सगळ्या उलट्या क्रमाने पाहिल्या, स्वतःबद्दल बरंच काही कळलं. मग फंक्शनची शेवटची ओळ आली, मग तिच्या आधीची, मग तिच्या आधीची. एकेक माउसने उचलून एडिटरमध्ये खालून वर चिकटवत गेलो. तासभर लागला. फाइल सेव्ह केली, दोनदा केली. मग ‘एक्झिट’ लिहिलं. तर म्हणतो, बाहेर जायचं असेल तर कंसासकट ‘एक्झिट()’ लिहा. म्हणजे माझ्या मनात काय आहे ते याला कळलं होतं. कंस दिले, खिडकी मिटली, संगणक अद्ययावत झाला.

दुसऱ्या दिवशी फाइल चालवून फंक्शनला एक तारीख दिली. काही नाही. दुसरी दिली. काही नाही. एरर नाही, उत्तर नाही, नुसता पुढचा प्रॉम्प्ट, म्हणजे ‘पुढे बोला’ची खूण. सहकारी खुर्ची सरकवत आला. झालेला प्रकार ऐकला आणि न बोलता माझ्या होम फोल्डरमधली एक लपलेली फाइल उघडली, टिंबाने सुरू होणारी: ‘.पायथन_हिस्टरी’. इंटरप्रिटर सरळ मार्गाने बंद केला की तो सगळ्या ओळी तिथे लिहून ठेवतो म्हणे. तीन दिवसांचं सगळं होतं. ‘लिस्ट’चं पाप होतं, मोडलेला लूप होता, ‘तारीख_सुधार’ तर नऊ वेळा होतं. नवव्या वेळचं माझ्या तासभराच्या नकलेशेजारी ठेवलं. फरक एका ओळीचा. चिकटवताना सगळ्यात खालची, म्हणजे मी सगळ्यात आधी उचललेली ओळ कुठेतरी पडली होती.

ती ‘रिटर्न’ची होती, उत्तर परत देणारी.