मळक्या डागाचा रक्तगट: ‘जुळला म्हणजे तोच’ हे खरं नाही

‘डाग कितीही जुना, मळका असो; रक्तगट निघतोच, तो चुकत नाही, आणि जुळला की आरोपी तोच.’ गुन्ह्यांच्या चर्चेत हा दावा हमखास फिरतो.

‘निघतोच’? वाळलेल्या डागातल्या तांबड्या पेशी फुटलेल्या असतात. दवाखान्यातली थेंबावरची चाचणी इथे चालत नाही. डागाचे दोन-तीन मिलिमीटरचे धागे अँटी-ए, अँटी-बी, अँटी-एच सिरममध्ये (म्हणजे ए, बी, एच या प्रतिजनांना, पेशींवरच्या गटाच्या खुणांना, चिकटणारी प्रतिपिंडं असलेल्या द्रवांत) वेगवेगळे, 4 अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवतात. थंड सलाइनने पाच-सहा वेळा धुतात. मग 55 अंशांच्या आसपास दहा-पंधरा मिनिटं तापवून चिकटलेली प्रतिपिंडं सोडवतात आणि माहीत असलेल्या गटाच्या पेशी घालून गुठळ्या होतात का, ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. धुणं कमी पडलं तर उरलेलं सिरमच गुठळ्या करतं. प्रतिजन कुजले असतील तर काहीच दिसत नाही. अशा वेळी ‘ए नाही, बी नाही, म्हणजे ओ’ लिहून मोकळं होणं हा सगळ्यात घातक आळस. एच, म्हणजे ओ गटाच्या पेशींवर भरपूर असणारा प्रतिजन, ठळक मिळाल्याशिवाय ओ म्हणू नये. ‘गट ठरवता आला नाही’ हेच प्रामाणिक उत्तर.

‘चुकत नाही’ हे तर त्याहून पोकळ. ई. कोलाय ओ86 या जिवाणूवर बी-सारखा प्रतिजन असतो, म्हणजे ए गटाचा सडका डाग एबी वाटू शकतो. सुमारे 80 टक्के लोकांच्या लाळेत आणि इतर स्रावांतही गटाचे प्रतिजन असतात. म्हणून डागाशेजारचं कोरं कापडही तपासतात. तेही प्रतिसाद देत असेल तर डागाच्या निकालावर विसंबता येत नाही. ए आणि बी गटांच्या दोघांचं रक्त मिसळलं तरी उत्तर एबीच! ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधला की जिवाणूंचं फावतं. तो सावलीत वाळवून कागदी पाकिटातच सीलबंद करावा.

सोव्हिएत संघात अनेक खून करणारा आंद्रेई चिकातिलो 1984 मध्ये पकडला गेला होता. त्याचं रक्त ए, घटनास्थळांवरचे वीर्याचे नमुने एबी. खुनांच्या संशयातून तो सुटला आणि 1990 मध्ये पुन्हा सापडेपर्यंत खून करत राहिला. ‘त्याच्या रक्ताचा आणि वीर्याचा गटच वेगळा’ असा खुलासा नंतर झाला. रक्त आणि स्राव दोन्हींतला एबीओ गट एकाच जनुकावरून ठरतो. दूषित नमुना किंवा चाचणीतली चूक हे कितीतरी साधं कारण आहे.

‘जुळला की तोच’? भारतात साधारण दर तिघांत एक जण बी गटाचा. गट जुळण्याने संशयित यादीत राहतो, एवढंच. माणूस ओळखायला डीएनए लागतो.