नायक व्हायचंय? आधी गॅस बंद करा

तुम्हाला पंतप्रधान व्हायचंय हे तुमच्या चेहऱ्यावरच लिहिलंय. सोसायटीच्या सभेत माईक हाती आला की तुमच्याकडून तो काढून घ्यावा लागतो, आणि दुसऱ्याच्या घरच्या लग्नातसुद्धा तुम्ही वाढप्यांना कामाला लावता. गुण आहेत. फक्त इथली रांग फार लांब आहे, आणि इथे एकदा बसलेला माणूस सहजी उठत नाही. म्हणून सांगतो, थायलंडकडे बघा. तिथे ही जागा सारखी रिकामी होत असते. ऑगस्ट २०२३ ते सप्टेंबर २०२५ एवढ्या काळात तिथे तीन नवे पंतप्रधान झाले. हंगामी मी धरलेच नाहीत.

भाषेची काळजी करू नका, अर्धी तुम्हाला येतेच. पंतप्रधानाला तिथे ‘नायोक रत्थमोन्त्री’ म्हणतात, म्हणजे नायक राष्ट्रमंत्री. लष्करानं सत्ता हिसकावली की तिला म्हणतात ‘रत्थप्रहान’. थाई माणूस शब्दाच्या शेवटचा ‘र’ ‘न’सारखा उच्चारतो, तेव्हा हा मुळात आपला प्रहार. हे दोन शब्द पाठ करा, दोन्ही एकाच आठवड्यात लागतील. २४ जून १९३२ ला तिथली अनियंत्रित राजेशाही संपली, राजा राहिला आणि राज्यघटना आली. तेव्हापासून यशस्वी उठाव झाले डझनभर आणि राज्यघटना झाल्या वीस. शाळेची वही भरली की नवी आणावी तसं चाललंय. राजाबद्दल मात्र मी एक अक्षर बोलणार नाही आणि तुम्हीही बोलू नका. तिथल्या दंडसंहितेच्या कलम ११२ मध्ये एका गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षं आहेत.

आता पहिली चूक, जी सगळे नवखे करतात. निवडणूक जिंकायला जाऊ नका. फार तर दुसरे या. पिटा लिमजारोएनरात यांनी २०२३ मध्ये ऐकलं नाही. त्यांच्या ‘मूव्ह फॉरवर्ड’ पक्षाला पाचशेपैकी १५१ जागा मिळाल्या, सगळ्यांत जास्त. बिचारे समजले की झालं. पण पंतप्रधान निवडायला तेव्हा खासदारांच्या जोडीला अडीचशे सिनेटरही बसत होते, आणि त्यांची नेमणूक उठाव केलेल्या लष्करी राजवटीनं करून ठेवलेली. सून पसंत करायची मुलानं, पण होकार अडीचशे आत्यांचा हवा, अशातली गत. हवी होती ३७६ मतं, पडली ३२४. पुढच्या आठवड्यात दुसऱ्यांदा नाव सुचवलं, तर संसद म्हणाली की नामंजूर झालेला ठराव त्याच अधिवेशनात परत आणता येत नाही. म्हणजे माणूस हा ठराव. वर त्याच दिवशी न्यायालयानं त्यांची खासदारकी स्थगित केली, कारण त्यांच्या नावावर ‘आयटीव्ही’ नावाच्या वाहिनीचे ४२ हजार शेअर होते आणि उमेदवाराकडे माध्यम कंपनीचे शेअर चालत नाहीत. ही वाहिनी २००७ पासून बंद आहे. पिटांनी आपलं खासदारकीचं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि ते सभागृहातून चालते झाले. सहा महिन्यांनी न्यायालयानंच सांगितलं की त्या शेअरांत काही गैर नाही. खुर्ची तोवर गेली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये पक्षही बरखास्त झाला आणि पिटांवर दहा वर्षांची बंदी आली. तेव्हा वडिलांच्या कपाटात जुनी शेअर सर्टिफिकेटं पडली असतील तर आजच शोधा.

समजा, लागला तुमचा नंबर. घरी गेल्यावर पहिलं काम म्हणजे गॅस बंद करा. मी गंमत करत नाही. समक सुंदरवेज हे गृहस्थ २००८ मध्ये पंतप्रधान होते. आडनावात ‘सुंदर’ही आहे आणि ‘वैद्य’ही, नाक मात्र असं की लोक त्याला जांबाची उपमा देत. पूर्वी बँकॉकचे गव्हर्नर होते, तोंडाचे फटकळ, आणि स्वयंपाकाचं भयंकर वेड. दूरचित्रवाणीवर त्यांचा जुना कार्यक्रम होता, नावाचा अर्थ साधारण ‘चाखत चाखत कुरकुर’. बाजारात जायचं, भाजी निवडायची, कढईपुढे उभं राहून जगाला नावं ठेवायची. डुकराचा पाय कोका-कोलात शिजवणं ही त्यांची खासियत. (मी हे करून पाहिलेलं नाही, पाहणारही नाही.) पंतप्रधान झाल्यावरही त्यांनी काही भागांत हजेरी लावली.

मंत्र्यानं खासगी कंपनीची नोकरी करायची नाही, असा राज्यघटनेचा नियम. समक म्हणाले, मी नोकर कसला, मला सामानाचे आणि गाडीच्या पेट्रोलचे पैसे मिळतात. मग घटना न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी काय केलं, तर शब्दकोश उघडला. ‘लूकचांग’, म्हणजे पगारी माणूस, या शब्दाचा अर्थ कामगार कायद्यातला न घेता कोशातला घ्यायचा असं ठरलं. कोशाप्रमाणे कामाचे पैसे घेणारा तो लूकचांग. ९ सप्टेंबर २००८ ला नवाच्या नऊ मतांनी पंतप्रधान घरी. शब्दकोशानं पाडलेलं सरकार माझ्या माहितीत हे एकच. आपल्याकडचे कोशकार उगीच मानधनाच्या तक्रारी करत बसतात, हातात केवढी सत्ता आहे याची त्यांना कल्पना नाही.

आणि नातेवाईक सांभाळा. समक गेल्यावर आले सोमचाय वोंगसवात, माजी पंतप्रधान थाकसिन शिनावात्रांचे मेहुणे. त्यांना पंतप्रधान कार्यालयात बसायला मिळालंच नाही, तिथे थाकसिनविरोधी पिवळे शर्टवाले आंदोलक तंबू ठोकून होते. ते जुन्या विमानतळावरून कारभार हाकत राहिले, आंदोलकांनी नोव्हेंबरात नवं सुवर्णभूमी विमानतळही बंद पाडलं. २ डिसेंबरला न्यायालयानं पक्षच विसर्जित केला. या घराण्याचं नशीब पाहा. थाकसिन स्वतः २००६ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीला गेले असताना इकडे रणगाडे रस्त्यावर आले. धाकटी बहीण यिंगलक २०१४ मध्ये एका अधिकाऱ्याच्या बदलीवरून गेली, आणि उरलेलं सरकार पंधरा दिवसांत लष्करानं नेलं. लेक पेतोंगतार्न २०२५ मध्ये. एका घरातून चार पंतप्रधान दिले आणि चारही मुदतीआधी परत आले.

खुद्द थाकसिन मात्र शिकण्यासारखा माणूस. २००१ मध्ये त्यांच्यावर मालमत्ता लपवल्याचा खटला चालला. करोडोंचे शेअर निघाले मोलकरीण, ड्रायव्हर, रखवालदार अशा मंडळींच्या नावावर. प्रामाणिक चूक झाली, असं ते म्हणाले, आणि आठ विरुद्ध सात मतांनी सुटले. तुमच्याकडच्या मावशींना विचारून ठेवा, त्यांच्या नावावर काय काय आहे. २०२३ मध्ये, पंधरा वर्षांनी मायदेशी परतल्यावर थाकसिनना आठ वर्षांची शिक्षा होती. राजाज्ञेनं ती एक वर्षावर आली, आणि पहिल्याच रात्री तब्येत बिघडून ते पोलीस रुग्णालयाच्या चौदाव्या मजल्यावर दाखल झाले. पॅरोल मिळेपर्यंतचे सहा महिने तिथेच. ‘चौदावा मजला’ एवढं म्हटलं तरी तिथल्या चहाच्या टपरीवर सगळे हसतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मजला तुरुंगात धरता येत नाही, वर्ष नव्यानं भोगा.

मधले पंतप्रधान श्रेथा थाविसिन राहिलेच. नाव आपल्या ‘श्रेष्ठ’मधलं, धंदा बांधकामाचा, पायात रंगीबेरंगी मोजे. त्यांनी एका वकिलाला मंत्री केलं. या वकिलानं २००८ मध्ये सहा महिन्यांचा तुरुंगवास भोगलेला, कारण न्यायालयाच्या कर्मचाऱ्यांना दिलेल्या खाऊच्या पिशवीत वीस लाख बात (तिथलं चलन) निघाले होते. वकिलानं तीन आठवड्यांत राजीनामा दिला, पण पंतप्रधानांनी असा माणूस नेमलाच कसा, म्हणून श्रेथा गेले. पाच विरुद्ध चार. राज्यघटनेच्या कलम १६० मध्ये मंत्र्याच्या पात्रता दिल्या आहेत, पस्तीस वर्षं पूर्ण, पदवी, आणि ढळढळीत दिसेल असा प्रामाणिकपणा. पहिल्या दोन गोष्टींची झेरॉक्स जोडता येते.

फोनचं काय करायचं, हे मात्र नीट ऐका. पेतोंगतार्न सदतिसाव्या वर्षी पंतप्रधान झाल्या, देशातल्या सगळ्यांत तरुण. २०२५ च्या मे महिन्यात कंबोडियाच्या सीमेवर चकमक झाली, एक कंबोडियन सैनिक मेला, वातावरण तापलं. जूनमध्ये बाईंनी शेजारच्या हुन सेन यांना फोन लावला. बापाचे जुने स्नेही, म्हणून घरगुती सुरात ‘काका’ म्हणून हाक मारली, आणि बोलता बोलता आपल्याच सीमेवरच्या सेनापतीबद्दल सांगितलं की तो तर विरुद्ध बाजूचा माणूस. आता काकांचं बघा. या काकांनी १९८५ ते २०२३ अशी अडतीस वर्षं पंतप्रधानकी केली आणि नंतर ती चिरंजीवांना दिली. कंबोडियातही राजा आहे, घटना आहे, निवडणुका आहेत. असा काका फोनवर नुसता ‘हं, हं’ करत असेल तर तुम्ही ठेवून द्यायला हवा. काकांनी संभाषण टेप केलं, ऐंशीएक लोकांना ऐकवलं, आणि तुकडा बाहेर फुटल्यावर सतरा मिनिटांची अख्खी टेप स्वतःच जगापुढे टाकली. घरच्या समारंभात अशा काकांच्या हातात मोबाईल दिसला तर आपण बशी घेऊन दुसऱ्या खोलीत जातो.

१ जुलैला न्यायालयानं बाईंना पदावरून स्थगित केलं. पण त्यांनी फेरबदलात स्वतःकडे सांस्कृतिक खातं घेऊन ठेवलं होतं. म्हणून दोन दिवसांनी त्यांनी त्या खात्याची शपथ घेतली आणि त्या स्वतःच्याच मंत्रिमंडळात साध्या मंत्री म्हणून बसल्या. घर विकायचं पण जिन्याखालची खोली ठेवून घ्यायची, ही युक्ती लिहून ठेवा. हंगामी कारभार आधी एका उपपंतप्रधानाकडे आला. त्यांच्या वाट्याला पंतप्रधान कार्यालयाच्या ९३ व्या वर्धापनदिनाचा सोहळा आला, आणि दोनच दिवसांत खुर्ची दुसऱ्या उपपंतप्रधानाकडे. केक कापायला बोलावलेला पाहुणा, दुसरं काय. जुलैअखेर सीमेवर पाच दिवस तोफा चालल्या, माणसं मेली, लाखो घरं सोडून पळाली. त्यावर मला काही विनोद सुचत नाही. २९ ऑगस्टला बाई कायमच्या गेल्या.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, टिकतं तरी कोण? जनरल टिकतात. प्रयुत चान-ओ-चा यांचा मार्ग सरळ होता. मे २०१४ मध्ये त्यांनी सगळ्या पक्षांना आर्मी क्लबवर चर्चेला बोलावलं, सरकारच्या माणसाला विचारलं, राजीनामा देता का? तो नाही म्हणाला. मग आत्तापासून सत्ता माझ्याकडे, म्हणाले, आणि नऊ वर्षं राहिले. पत्रकार प्रश्न विचारायला लागले तर एकदा त्यांनी स्वतःचा माणूसभर उंचीचा पुठ्ठा उभा करून ‘याला विचारा’ म्हणून सांगितलं, एकदा पुढच्या रांगेतल्या पत्रकारांवर सॅनिटायझर फवारला. पंतप्रधानानं आठ वर्षांपेक्षा जास्त राहू नये असा नियम त्यांच्याच राजवटीनं घातला होता. २०२२ मध्ये आठ भरली, तर न्यायालयानं ठरवलं की मोजणी २०१७ ची राज्यघटना लागू झाल्यापासून. निकाल लागेपर्यंत महिनाभर हंगामी पंतप्रधान कोण होते, तर प्रवित वोंगसुवान. या साहेबांच्या मनगटावर छायाचित्रांत वीसहून जास्त महागडी घड्याळं सापडली होती. सगळी दिवंगत मित्राकडून वापरायला आणलेली, असा खुलासा झाला आणि भ्रष्टाचारविरोधी आयोगानं तो मान्य केला. काळ कसा मोजायचा हा प्रश्न असताना याहून लायक माणूस मिळणं कठीण होतं.

जनरल थानोम यांनी तर १९७१ मध्ये स्वतःच्याच सरकारविरुद्ध उठाव केला. पण ती वरच्या वर्गाची गोष्ट झाली, तुम्हाला इतक्यात जमणार नाही.

तुमच्यासाठी अनुतिन चार्नविराकुल यांचा नमुना बरा. टोपणनाव ‘नू’, म्हणजे उंदीर. स्वतः विमान चालवतात, दान केलेले अवयव रुग्णालयांत पोचवतात, गांजा कायदेशीर केला तो यांच्याच आरोग्यमंत्रिपदाच्या काळात. सप्टेंबर २०२५ मध्ये संसदेतल्या सगळ्यांत मोठ्या विरोधी पक्षानं त्यांना मतं दिली, अट एवढीच की चार महिन्यांत सभागृह विसर्जित करायचं. त्यांनी तीन महिन्यांतच ते केलं. अकरा महिन्यांच्या भाडेकरारापेक्षा हा सुटसुटीत. डिपॉझिटही नाही.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट. पोहायला शिका. फील्ड मार्शल पिबुनसोंगक्राम हे सगळ्यांत जास्त काळ टिकलेले पंतप्रधान. सियामचं थायलंड त्यांनी केलं आणि लोकांना टोप्या घालायला लावल्या. २९ जून १९५१ ला ते बँकॉकच्या धक्क्यावर अमेरिकेनं दिलेली गाळ काढायची बोट स्वीकारायला गेले होते. नौदलाच्या अधिकाऱ्यांनी समारंभातच बंदुका रोखून त्यांना पकडलं आणि युद्धनौकेवर नेऊन कोंडलं. दुसऱ्या दिवशी सरकारशी एकनिष्ठ असलेल्या हवाई दलानं, पंतप्रधान आत आहेत हे माहीत असून, त्या नौकेवर बॉम्ब टाकले. नौका बुडायला लागली. पंतप्रधानांनी चाओ फ्राया नदीत उडी मारली, पोहत किनारा गाठला आणि आणखी सहा वर्षं राज्य केलं.

चाओ फ्रायाचं पाणी गढूळ आहे, ओढ आहे, वर जलपर्णी पायात अडकते. तेव्हा महापालिकेच्या तलावाचा पास काढा. सकाळी सहाची बॅच बरी, गर्दी कमी असते. फोन लॉकरमध्ये ठेवून या.