१ स्टार रिव्ह्यूला उत्तर: रात्री पीसी आपोआप चालू होणे आणि एक्सेल उडणे

नमस्कार भाऊ, दुकान माझंच आहे म्हणून मीच लिहून राहिलो. तुमचं म्हणणं असं की आमच्याकडे असेंबल केलेला पीसी रात्री ३ वाजता आपोआप चालू होते, सकाळी एक्सेलमधल्या एन्ट्र्या गायब, एसएसडी (डेटा ठेवायची डिस्क) डुप्लिकेट लावली, आणि वरून आमच्या पोराने व्हिजिटचे ३०० रुपये घेऊन "स्लीप वापरूच नका" एवढंच सांगितलं. काल तुमच्या घरी दीड तास बसलो, जे निघालं ते इथेच लिहितो, बाकीच्यांनाही कामी येईल.

चालू काऊन होते ते आधी. पीसी स्लीपला टाकला, कूलर फुल केला, अन् वहिनींनी दिलेला चहा संपायच्या आत स्क्रीन पेटली. पीसीला शेवटी कोणी उठवलं ते सांगणारी पॉवरसीएफजी लास्टवेक ही कमांड मारली तं उठवणारा यूएसबीवरचा माउस निघाला. तुमचा टेबल कूलरच्या स्टँडला चिकटून आहे, टेबल थरथरला की माउसला वाटते कोणी हलवलं. आता मे महिन्यात नागपुरात कूलर बंद ठेवा म्हणायची माझी हिंमत नाही, म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन माउसच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वेकची, म्हणजे पीसी उठवायची, टिक काढली. कीबोर्डची ठेवली आहे, बटन दाबलं की उठेल.

आता खरी भानगड. मध्यरात्री स्क्रीन पेटते म्हणून तुम्ही स्लीपला टाकून बोर्डाचं बटन बंद करू लागले, आणि स्लीपमध्ये उघडं काम रॅममध्येच असते, करंट गेला की रॅम साफ. पण डेस्कटॉपवर बहुतेक हायब्रिड स्लीप चालू असते, ते डिस्कवर पण कॉपी ठेवते, लाइट गेली तरी काम परत येते. तुमच्याकडे ते नव्हतंच, कारण २४० जीबीच्या एसएसडीवर जागा वाचवायला आमच्याच पोराने विंडोज टाकताना हायबरनेट (उघडं काम डिस्कवर ठेवून पीसी पूर्ण बंद करणं) बंद केलं होतं, अन् ते बंद केलं की हायब्रिड स्लीपही जाते. हायबरनेट काम ज्या फाइलमध्ये ठेवते ती १६ जीबी रॅमला साधारण साडेसहा जीबीची, तेवढ्यासाठी तुमचा हिशोब गेला. ही चूक आमचीच, पोराला बोललो आहे.

दोन्ही परत चालू केलं, तुमच्यासमोर स्लीपमध्ये असताना वायर खेचली अन् फाइल जशीच्या तशी उघडली. तरी बोर्ड बंद करायचाच असेल तर पॉवर मेनूत आता हायबरनेट दिसते ते दाबा, आणि कॅबिनेटची लाइट पूर्ण विझल्यावरच बटन बंद करा, घाई नको.

३०० रुपये यूपीआयने परत टाकले. एक्सेल आपोआप ठेवते ती ऑटोरिकव्हर कॉपी सापडली, पण ती दर १० मिनिटांनीच बनते, म्हणून शेवटच्या ७-८ एन्ट्र्या नाही मिळाल्या, त्याची माफी मागतो. एसएसडीचं मात्र मी ऐकून घेणार नाही, बिलावर सिरीयल नंबर आहे, कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी बघा. स्टार राहू द्या जी, तेवढा 'डुप्लिकेट' शब्द काढा. आणि टेबल कूलरपासून वीतभर सरकवा.